माळ्यावरच्या जुन्या वस्तू: घासण्याआधी, विकण्याआधी

गिरगाव, लालबाग, परळ, दादर, कुठेही बघा, चाळी आणि जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. भाड्याच्या वन बीएचकेमध्ये पिंप, घंगाळ, आजोबांचं टोल्याचं घड्याळ कुठे ठेवणार? मग घाईघाईत माळा उपसला जातो आणि सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. पितळ किलोने, कागद रद्दीच्या भावाने, लाकूड अंदाजपंचे. त्यातलं बरंचसं खरोखर तेवढ्याच लायकीचं असतं, हे आधीच सांगून टाकतो. पण कुठलं तेवढ्याच लायकीचं आणि कुठलं नाही, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. एक चांगलं भिंग, एक टॉर्च, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा आणि थोडा धीर, एवढ्यावर निम्मं काम होतं.

ज्यांना घरातलं काही विकायचं नाही, उलट चोर बाजारातून काहीतरी घरी आणायचं आहे, त्यांच्यासाठीही पायऱ्या याच.

पहिली पायरी: हात आवरा

जुनं भांडं माळ्यावरून खाली आलं की घरातलं कुणीतरी चिंच-मीठ घेऊन मोरीत बसतंच. बसू देऊ नका. वस्तू कधीची, कुणी घडवली, कशी वापरली गेली, हे सांगणाऱ्या बहुतेक खुणा वरच्या पातळ थरात असतात, आणि घासताना आधी तोच थर जातो. नाण्यांच्या बाबतीत तर हा थेट तोटा आहे. घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे राहतात, व्यापारी ते भिंगाशिवायही ओळखतो आणि भाव पाडतो. काळपट पण न घासलेला रुपया चकचकीत रुपयापेक्षा महाग जातो, हे नवख्या माणसाला पटतच नाही.

धूळ कोरड्या मऊ कापडाने किंवा रंगाच्या ब्रशने झटका, तेवढंच. मग फोटो काढा: समोरून, मागून, तळ, सांधे, कुठे अक्षरं असतील तर ती. अक्षरं पुसट असतील तर खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जवळजवळ आडवा धरा. सरळ उजेडात न दिसणारं नाव तिरप्या उजेडात वर येतं.

याच वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. ही समई कुणाच्या लग्नातली, हे घड्याळ कुणी कुठून आणलं. उत्तरं लिहून ठेवा, ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव आणि तारीख घालून. जुनं बिल, पोस्टकार्ड, ज्या लग्नाच्या फोटोत तीच समई मागे दिसते तो फोटो, असं काही असेल तर वस्तूबरोबर जपा. खरेदीदार अशा कागदाला पैसे मोजतो. तोंडी कथेला मोजत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

दुसरी पायरी: उलटी करून बघा

पितळेच्या घंगाळापासून सुरुवात करू, कारण ते बहुतेक मराठी घरांत निघतंच. काठाजवळ किंवा कानाखाली बोट फिरवा. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव लागेल. भांड्यावर नाव टाकणारा छोट्या टोकदार छिन्नीने एकेक टिंब ठोकायचा, म्हणून टिंबांची खोली आणि अंतर थोडं कमीजास्त असतं. नंतर आलेल्या विजेच्या मशिनने टाकलेलं नाव सलग, थरथरत्या रेघेचं दिसतं. नावाबरोबर गाव, लग्नाचा किंवा मुंजीचा उल्लेख आणि नशीब असेल तर शकही असतो. ‘शके १८५२’ दिसलं तर त्यात ७८ मिळवा, १९३० आलं; जानेवारी ते मार्चमधलं लग्न असेल तर ७९. मुंबईत गुजराती आणि कच्छी घरांतली भांडीही भरपूर फिरतात. त्यांच्यावर गुजरातीत संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. पण लक्षात ठेवा, नाव पडलं ते साल भांडं दिल्याचं असतं. भांडं त्याआधीचं असू शकतं.

आता सांधा बघा. जुन्या हंड्या-कळश्या पत्र्याचे भाग जोडून केलेल्या असायच्या आणि पत्र्यांच्या कडा एकमेकींत दात अडकवून डाख दिलेला असायचा. पोटाजवळ तो दातेरी सांधा फिकट किंवा गडद रेषेत दिसतो. अंगावर हातोडीचे ठोके असतात आणि ते एकसारखे नसतात. लेथवर फिरवून केलेल्या भांड्याला आतून बारीक गोल वळे दिसतात, सांधा नसतो. तांब्या-पितळेच्या आत राखाडी-पांढरी कल्हई असेल तर भांडं स्वयंपाकात वापरलेलं आहे. शेवटी झीज: ती हात लागतो तिथेच हवी. कान, काठ, बुडाची कडा. सगळीकडे सारखाच हिरवा-काळा रंग असेल, अगदी बोटं रोज लागायची त्या जागीही, तर तो रंग आम्लाने चढवलेला आहे असं धरून चाला.

कपबशा, बरण्या, काचेचे दिवे यांचा तळ जास्त बोलका. देशाचं नाव कालखंड सांगतं. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘झेकोस्लोवाकिया’ म्हणजे १९१८ नंतरचं. जपानी कपावर ‘निप्पॉन’ असेल तर साधारण १८९१ ते १९२१, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची १९५२ पर्यंतची मोजकी वर्षं.

डबे, पाट्या, बिलं, जाहिराती यांच्यावर मुंबईचा पत्ताच तारखेचं काम करतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी ‘बॉम्बे ४’ असं विभागाचं नुसतं आकडेवार नाव असायचं, तेच पुढे ४००००४ झालं. किंमत आणे-पैत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता मोठी. ‘जुनी’ म्हणून विकायला ठेवलेल्या एखाद्या पत्र्याच्या पाटीवर सहा आकडी पिन असतो आणि खाली १९४० लिहिलेलं असतं. हसू आवरा आणि पुढच्या दुकानात चला.

भिंगाखालची तसबीर

गिरगावकरांसाठी हा भाग खास. राजा रविवर्म्याने आपला लिथो, म्हणजे दगडावरून छपाईचा, छापखाना १८९४ मध्ये गिरगावातच काढला. पुढे तो मळवलीला गेला आणि परदेशी तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे आला. देवघराच्या वर टांगलेली लक्ष्मी, सरस्वती, दत्त यांपैकी एखादी तिथली असू शकते.

जवाहिरे वापरतात ते दहा पट भिंग घ्या आणि देवीच्या गालावर किंवा आकाशावर धरा. चार रंगांचे ठिपके शिस्तीत, जाळीत बसलेले, छोट्या फुलांसारखे गट करून दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. खऱ्या लिथोत टिंबं दगडावर हाताने दिलेली असतात. ती वेडीवाकडी, लहानमोठी पडतात, एका रंगावर दुसरा रंग चढलेला असतो आणि रंगही चारापेक्षा बरेच जास्त असतात. साडीची किनार भिंगाखाली बघत बसावं इतकी सुंदर दिसते. काही तसबिरींवर घरातल्या बायकांनी जरी, टिकल्या, मखमल चिकटवलेली असते. ती काढू नका, अशा सजवलेल्या प्रतींचे वेगळे शौकीन आहेत.

मग खालची पांढरी पट्टी बघा. छापखान्याचं आणि ठिकाणाचं नाव तिथे बारीक अक्षरात असतं. फ्रेमवाल्याने चौकटीत बसवायला ती पट्टी कापली असेल तर किंमत पुष्कळ उतरते. आणि तसबीर पावसाळ्यात फ्रेममधून काढू नका. कागद काचेला चिकटलेला असेल तर देवीचा चेहरा काचेवरच राहील.

चांदीचा रुपया

१८३५ पासून १९४० च्या आधीपर्यंतच्या ब्रिटिश अमदानीतल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. म्हणजे एका रुपयात जेमतेम १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. वापराने थोडं वजन घटतं, पण नाणं साडेदहावर आलं असेल तर शंका घ्या. कडेवर आडवी शिवण, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, अंगावर बारीक खड्डे, ही ओतीव नकलेची लक्षणं. खरं नाणं ठशाने पाडलेलं असतं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, म्हणून त्याला खोटा ठरवू नका.

पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागे खालच्या फुलाखाली बारीक उठावाचं टिंब असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा, नसेल तर कोलकात्याचा. १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. त्यामुळे १९११ चा रुपया १९१२ च्या मानाने कमी सापडतो. बाकी व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्जचे झिजलेले रुपये चांदीच्या भावाच्या थोडे वर जातात, एवढंच.

राम-दरबार एका बाजूला आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ दुसऱ्या बाजूला, असं ‘नाणं’ लाखोंना विकलं जातं म्हणे. कंपनीने ते कधी पाडलंच नाही. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला किंवा ७८६ च्या नोटेला अमुक लाख मिळतील असे मेसेज फिरतात, ते तर सरळ जाळं आहे. आधी ‘नोंदणी फी’, मग ‘टॅक्स’, मग ‘कमिशन’. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाकडून फी मागत नाही. खरी नाणी डोळ्याखालून घालायची असतील तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचंच नाण्या-नोटांचं संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. खरं दोनदा नीट पाहिलं की खोटं आपोआप खटकतं.

तिसरी पायरी: चोर बाजारात जाताना

ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत मटन स्ट्रीट गाठायचा. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि भल्या पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तो खरा कसलेल्या लोकांचा. नवख्याने आधी साध्या दिवशी दुकानं फिरावीत आणि पहिल्या फेरीत काही घेऊच नये.

‘पुराना माल है, असली’ हे सगळ्याच वस्तूंबद्दल ऐकू येईल. ‘असली है क्या’ विचारून काही हाती लागत नाही. ‘कहाँ से आया, सेठ? इसमें क्या बदला है?’ असं विचारा. बरेच जुने दुकानदार यावर खरं सांगतात, कारण गिऱ्हाईक बघणारं आहे हे त्यांना कळतं. घासाघीस करा, पण वस्तू घ्यायचीच नसेल तर भाव पाडून मागू नका. तुमचा आकडा त्याने मान्य केला आणि तुम्ही पाठ फिरवली, तर त्या गल्लीत पुढे कुणी धड बोलणार नाही.

दोन गोष्टींपासून नवख्याने लांब राहावं. पहिली म्हणजे चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. पेटी नवी, कर्णा नवा, कुत्र्याचं चिन्ह असलेली पट्टी नवी आणि आत कुठल्यातरी पेटीवजा ग्रामोफोनचं मशीन. शोभेला घ्यायचा तर शोभेच्या भावाने घ्या. दुसरी म्हणजे रंगीबेरंगी तबकडीची जुनी मनगटी घड्याळं. तीन मेलेल्या घड्याळांचं एक जिवंत करायचं, तबकडी नव्याने रंगवायची, हा धंदा इतका चालला की परदेशी संग्राहकांत अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ असं नावच पडलं. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंग ओघळलेला असतो. झाकण उघडून दाखवायला दुकानदार तयार नसेल तर नमस्कार करून निघा. एचएमटीचा जुना जनता किंवा पायलट हवा असेल तर थोडी खरवडलेली पण मूळ तबकडी निवडा.

चांदी म्हणून विकल्या जाणाऱ्या ताटवाटीवर ‘ईपीएनएस’ असेल तर तो नुसता मुलामा. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त.

चौथी पायरी: किंमत

इंटरनेटवर कुणी काय मागतंय ते बघून हुरळून जाऊ नका. मागायला कुणीही काहीही मागेल. बघायची ती विकली गेलेली किंमत. मुंबईतल्याच सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तगुरू यांच्या लिलावांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात, नाण्यांसाठी टोडीवाला. तुमच्याकडे आहे तशीच वस्तू, तशाच अवस्थेत, गेल्या काही वर्षांत कितीला गेली ते टिपा. त्या आकड्यात गिऱ्हाइकाने भरलेलं वरचं शुल्क मिळवलेलं असू शकतं, आणि विकणाऱ्याच्या हातातूनही कमिशन कापलं जातं. दुकानदार तुम्हाला त्याहून बरंच कमी देणार. त्याचं भाडं, अडकलेला पैसा आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतची वाट हे सगळं तो धरतो. त्याला लुबाडणूक म्हणणं मला पटत नाही, मात्र एकाच दुकानात विचारून विकणं हा आळस आहे.

जुनं म्हणजे महाग, हा समज आधी काढा. शिवणयंत्रं, टाइपरायटर, साधे बॉक्स कॅमेरे अफाट संख्येने तयार झाले. गोदरेजने १९५५ पासून इथेच मुंबईत टाइपरायटर बनवले आणि ते अजून गल्लोगल्ली सापडतात. याउलट इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या एके काळी कुणी विचारत नव्हतं, आता कॅफे सजवणारे शोधत हिंडतात. बैठकीखाली कारखान्याचा कागदी लेबल किंवा ठसा शिल्लक असेल तर अजून बरं. पितळी बंबाचंही तेच झालं. त्याच्या किमतीतला मोठा वाटा आज दिवाणखाना सजवणाऱ्याच्या हौसेचा आहे, आणि हौस ओसरली की भाव मोडीकडे सरकतो. भांडी विकताना मोडीचा भाव माहीत असू द्या, म्हणजे त्याच्या खाली तरी कुणी मागणार नाही.

दुरुस्तीत पैसे घालण्याआधी भाव काढा. पॉलिश मारून आणलेलं बर्मा टीकचं कपाट घरात छान दिसतं, पण संग्राहक जुन्या पॉलिशसाठीच येतो.

मध्येच कायद्याचं

हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. दगड, धातू, हस्तिदंताच्या मूर्ती, चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते, मग ती देवघरातली का असेना. विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, न्यू जर्सीतल्या लेकीला आजीचा बाळकृष्ण कुरिअर करणं यातच आलं. वस्तू जुनी दिसते पण शंभर वर्षांची नाही, असं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घेऊन मगच पाठवा. हस्तिदंताच्या सोंगट्या, कासवाच्या पाठीच्या वस्तू, वाघनखं यांची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बाजारात कुणी हळू आवाजात दाखवलं तर हातही लावू नका.

पाचवी पायरी: मुंबईच्या हवेत सांभाळणं

इथली हवा जुन्या वस्तूंची वैरीण. खारी, दमट आणि जून ते सप्टेंबर नुसती ओली.

तांबं-पितळ-कांस्याच्या वस्तूवर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि पुसून पुन्हा आले, तर ती क्षारांनी लागलेली कीड आहे. गडद, घट्ट बसलेला हिरवा-तपकिरी थर वेगळा, त्याने काही बिघडत नाही. ठिपकेवाली वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या डब्यात ठेवा. रोजच्या वापरातल्या समईला चिंच लावायला माझी ना नाही, फक्त नंतर एक थेंब पाणी राहू देऊ नका. ज्यावर अक्षरं आहेत किंवा जी विकायची आहे, तिला मात्र नको.

नाणी मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवली की काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतात. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, आणि नाणं कडेने धरा.

कागदाच्या बाबतीत आपल्याकडचा सगळ्यात मोठा अत्याचार म्हणजे लॅमिनेशन. आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट कायमचं टिकावं म्हणून लोक ते प्लास्टिकमध्ये भाजून आणतात. ते परत काढता येत नाही आणि आतला कागद पिवळा पडतच राहतो. सेलोटेपही नको. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. फोटोची फ्रेम बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे जिला पावसाचा मारा बसतो तिच्यावर, लावू नका. आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या असतात. स्पिरिटने पुसलं तर लाख विरघळते. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा आणि उभ्या ठेवा, आडवी चळत तडकते.

पैठणी मलमलीत गुंडाळा, घडी दर काही महिन्यांनी बदला, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. लाकडाच्या खाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर किडा आत जिवंत आहे. नुसती भोकं असतील आणि भुकटी नसेल तर बहुधा जुनं दुखणं. आणि एसीच्या झोताखाली जुनं कपाट ठेवलं तर फळ्या चिरतात.

कपाटात सिलिका जेल ठेवायचं तर रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी भरलं ते कळतं. मेमध्ये सगळं एकदा बाहेर काढून सावलीत हवा द्या, जुलैत नको. खरोखर मोलाचं चित्र किंवा पोथी बुरशी धरू लागली असेल तर घरी काही करू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा. जाताना वस्तू न नेता पहिल्या पायरीत काढलेले फोटो न्या. वस्तू आणायची का, आणायची तर कशी बांधून, ते तेच सांगतील.